टाक्यांवरची तारीख

रेणापूर नाक्यावरून लातूरच्या बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला आमचा सीएनजी पंप लागतो. लोक त्याला आमचा म्हणतात. जमीन माझी आणि परवाना माझ्या नावावर, एवढं खरं. गॅस, तो साठवायच्या टाक्या आणि गाडीत भरायचं यंत्र हे सगळं कंपनीचं. गॅस विकला की किलोमागं ठरलेलं कमिशन मला मिळतं. पंपावरच्या माणसांचे पगार आणि विजेचं बिल त्यातूनच भागवायचं असतं.

त्याआधी मी लातुरात एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. मोठमोठे वर्ग, हातात माईक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणं. पुढं घशाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं. त्याच सुमारास वडिलांनी वाटणी केली. मागची काळी जमीन, विहीर आणि बोअर धाकट्या भावाला दिली आणि रस्त्यालगतचा मुरमाड तुकडा मला. "तिथं काय पिकत नसतंय, पर रस्ता हाय," एवढंच म्हणाले. कंपनी पंपासाठी जागा शोधत होती, मी अर्ज केला. कमी बोलायला लागेल म्हणून मी हे काम धरलं आणि क्लासात बोलत नव्हते तेवढं इथं बोलायला लागले.

परवाना काढताना मला पहिल्यांदा कळलं की गॅस साठवायचा म्हणजे मोकळी जागा राखायची. टाक्यांच्या चारी बाजूंना ठरावीक अंतरात घर नको, चूल नको, वरून विजेची तार नको, वाळलेला चारा नको. नकाशावर ते अंतर लाल रेघेनं दाखवलेलं होतं. त्या रेघेच्या आत भावाची कडब्याची गंजी येत होती आणि गोठ्याचा एक कोपरा. भावानं गंजी हलवली. गोठ्याचा कोपराही पाडला, पण पाडताना म्हणाला, "आक्का, जमीन तुझी झाली आन हुकूम माझ्यावर चालायलाय."

विजेची तार हलवण्यात अख्खा पावसाळा गेला. तार हलली तोवर आधी काढलेल्या एका एनओसीची मुदत संपली होती. ती परत काढली. ती आली तोवर अग्निशमनवाल्यांचा कागद जुना झाला होता. मी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिले. कोणी उद्धट वागलं नाही. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. फक्त सगळी बरोबर म्हणणी एका वेळी एका जागी येत नव्हती.

शेवटी टाक्या आल्या. क्रेननं उतरवल्या. पोलादी, लांबट, एकावर एक रचलेल्या आणि भोवती लोखंडी चौकट. कंपनीचे लोक त्याला बँक म्हणायचे. ऑटोवाले त्याला पिंजरा म्हणायला लागले आणि आम्हीही तेच नाव उचललं.

आमच्याकडं गॅसची पाइपलाइन नव्हती. गॅस ट्रकनं यायचा, सोलापूरच्या पलीकडून, औशाच्या बाजूनं. ट्रकवर तशाच टाक्या असायच्या. ट्रक लागला की नळी जोडायची आणि कॉम्प्रेसर त्याच्यातला गॅस पिंजऱ्यात ढकलायचा. पिंजऱ्यातून गाड्यांना. ऐकायला सोपं आहे. पण टाकीतला गॅस जसा उतरतो तसा त्याचा दाबही उतरतो, आणि दाब उतरला की समोरच्या गाडीत तो पुरता जात नाही. म्हणजे पिंजऱ्यात गॅस शिल्लक असतो, तरी गिऱ्हाइकाला देता येत नाही. हे मी रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगत असे.

"म्याडम, टाकी भरली न्हाई."

"दाब कमी आहे. ट्रक आला की वाढेल."

"आत गॅस हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग द्या की."

हा संवाद ऐकून कोपऱ्यात उभे असलेले एक चाचा हसायचे. लातुरात गंजगोलाईच्या मागं त्यांचं घर. त्यांचे आजोबा टांगा चालवायचे, वडील सायकलरिक्षा आणि ते स्वतः ऑटो. त्यांची मुलगी क्लासात माझ्याकडं शिकलेली होती आणि आता एका दवाखान्यात फार्मसी बघायची. त्यामुळं चाचा मला म्याडम म्हणायचे ते पंपामुळं की मुलीमुळं, हे मला कधी नीट कळलं नाही. आमच्या पंपाच्या भरवशावर ऑटोला गॅसची टाकी बसवून घेणारे ते पहिले. त्यांच्या मागं त्यांच्या स्टँडवरचे बरेच जण आले. सकाळी पंपावर आले की आधी पिंजऱ्याजवळच्या काट्याकडं बघून विचारायचे, "प्रेशर कितना है आज?" मग ते बाकीच्यांना सांगायचे. माझ्यापेक्षा त्यांच्या सांगण्यावर लोकांचा विश्वास जास्त.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. पेट्रोल महाग होतं, गॅस त्या मानानं स्वस्त. पुढं गॅसचा भाव चढत गेला आणि दोन्हींतलं अंतर कमी झालं. नवीन गाड्या गॅसवर येणं मंदावलं. दुसरीकडं कंपनी मात्र एकेक पंप उघडतच होती. निलंगा रोडला एक, उदगीरला एक, अहमदपूरच्या बाजूला एक. मला नवल वाटायचं. आम्हालाच गॅस पुरत नाही, मग नवे पंप कशाला? ट्रक तेवढेच आणि पंप वाढलेले. सकाळी यायचा ट्रक दुपारी यायला लागला. ऑटोवाले रांगेत ऑटो लावून बाभळीखाली पत्ते खेळत बसायचे. धंद्याची वेळ रांगेत जायची.

आता मुख्य गोष्ट.

प्रत्येक टाकीवर तिच्या तपासणीची तारीख ठोकलेली असते. ठरावीक वर्षांनी टाकी उतरवून, रिकामी करून, पाण्याच्या दाबानं तपासून घ्यावी लागते. ती तपासणी होईपर्यंत त्या टाकीत गॅस भरायचा नाही असा नियम. आमच्या पिंजऱ्याची तारीख जवळ आली तेव्हा मी कंपनीला कळवलं. उत्तर आलं नाही. परत कळवलं, मग फोन लावला. आमचा भाग बघणारा एक साहेब होता, तरुण, बोलायला चांगला. तो म्हणाला, "मॅडम, बदली बँक नाहीये. तुमच्या भागातल्या सगळ्या बँका एकाच वेळी घेतल्या होत्या, सगळ्यांची तारीख एकाच वेळी येतीय. तपासणी करणारे ठिकाण लांब आहे आणि तिथे नंबर लागलाय. आम्ही मुदतवाढीचा अर्ज केलाय. तुम्ही चालू ठेवा."

"मुदतवाढ मिळाली का?"

"अर्ज केलाय."

"मिळाली का?"

"मिळेल."

मी त्याला हे लेखी द्या म्हटलं. तो म्हणाला, लेखी कसं देणार.

संध्याकाळी जेवताना मी भावाला सांगितलं की तारीख उलटल्यावर मी पंप चालू ठेवणार नाही. आम्ही एकाच अंगणात राहत होतो, चुली वेगळ्या, पण संध्याकाळचं जेवण एकत्र. पंपाचा हिशेब आणि माणसं भावच बघायचा. मी कागदपत्रं आणि कंपनी बघायची. त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"आक्का, लोखंडाला काय कळतंय का कॅलेंडर? आज चांगली हाय ती टाकी उद्या सकाळी खराब हुती का?"

"होत नाही."

"मंग?"

"पण ती चांगली आहे हे आज तरी कोणी बघितलंय? तारीख त्याच्यासाठीच असते."

"निलंगा रोडचा पंप चालूच ठेवणार हाय. मी इचारलंय. तो म्हणला, कंपनी म्हणती चालू ठेव, आपलं काय जातंय."

"परवाना त्याच्या नावावर आहे, त्याचं तो बघेल. हा माझ्या नावावर आहे."

"म्हंजे तुझ्या नावासाठी आमी सगळे घरी बसायचं?"

भावजय मध्ये पडली, "जेवा आधी." तो जेवला नाही. मीही फारसं जेवले नाही. त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पंपावर सात-आठ माणसं होती, ती त्याच्या ओळखीतली, गावातली. पंप बंद झाला तर त्यांना घरी बसायला सांगायचं काम त्याच्यावर येणार होतं. आणि टाक्या फुटतील असं मलाही मनापासून वाटत नव्हतं. त्या भक्कम दिसत होत्या. गंजाचा ठिपकाही नव्हता. पण क्लासात मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले होते की दाबाखालच्या धातूला आतून काय होतंय ते बाहेरून दिसत नाही. ते सांगून मी पगार घेतला होता. आता मीच बाहेरून बघून चांगली आहे म्हणायचं, हे मला जमेना.

तारीख उलटली त्या सकाळी मी पंपाच्या तोंडाशी साखळी लावली. आदल्या दिवशी फळा लिहून ठेवला होता, पण फळा कोण वाचतं. नेहमीसारखी रांग लागली. शाळेच्या पोरांचे दोन ऑटो पोरांसकटच आले होते. पोरं दप्तरं मांडीवर घेऊन बाहेर बघत बसलेली. मी पुढं होऊन सांगितलं की टाक्यांची तपासणी बाकी आहे, ती होईपर्यंत पंप बंद राहील.

"किती दिवस?"

"माहीत नाही."

आरडाओरडा सुरू झाला. एक जण म्हणाला, भाव वाढवायसाठी नाटक करायलेत. दुसरा म्हणाला, गॅस काळ्या बाजारात गेला. मी सिलिंडर विकत नाही हे त्याला माहीत होतं, तरी म्हणाला. भाऊ ऑफिसच्या पायरीवर बसला होता. तो उठला नाही.

चाचा गर्दीतून पुढं आले. त्यांनी हात वर केला तसे बाकीचे जरा थांबले.

"म्याडम, एकच बोला. खतरा हाय का न्हाई?"

"मला माहीत नाही, चाचा."

"हाय म्हणा, आम्ही जातो. न्हाई म्हणा, गॅस द्या. मालूम न्हाई, हे कायका जवाब?"

"खरंच माहीत नाही. तपासल्यावर कळेल."

"पाच साल झाले, या टाकीजवळ उभा राहतो मी. माझा पोरगा उभा राहतो. तवा मालूम होतं?"

"तेव्हा तपासणीची मुदत होती."

"आज संपली."

"हो."

चाचा मागं वळून म्हणाले, "चलो रे. यहां कुछ नहीं मिलता." पण गेले नाहीत. पायानं ऑटो मागं ढकलत बाभळीखाली नेला आणि तिथंच बसून राहिले. त्यांच्या टाकीत घरी जाण्यापुरताही गॅस नव्हता, हे मला नंतर कळलं. पेट्रोलची छोटी टाकी त्यांनी केव्हाच काढून टाकली होती, आमच्या भरवशावर. शाळेच्या ऑटोतली पोरं भावानं आपल्या जीपमध्ये घालून शाळेत सोडली. मला काही न बोलता उठला, पोरांची दप्तरं टपावर ठेवली आणि गेला.

दुपारी उन्हात मी चाचांकडं चहा घेऊन गेले. त्यांनी घेतला. मग मीच म्हटलं, "एक मार्ग आहे. पण माझ्या हातात नाही."

मार्ग असा होता. ट्रकवरच्या टाक्यांची तारीख शिल्लक होती. ट्रक नेहमीच्या जागेवर लावून ठेवला आणि पिंजऱ्याला बगल देऊन कॉम्प्रेसरमधून थेट भरायच्या यंत्राला जोडला तर गाड्यांना गॅस देता येत होता. ट्रक उभा करायची जागा आमच्या मंजूर नकाशात होतीच. अडचण एकच. ट्रक दिवसभर आमच्याकडं उभा राहिला तर बाकीच्या पंपांना गॅस कोण नेणार?

"कंपनीला बोला."

"बोलले. ऐकत नाहीत."

"फोनवर बोललात. तोंडावर कोण बोललं?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही कंपनीच्या विभागीय कचेरीत गेलो. मी, चाचा, आणि शाळेचा ऑटो चालवणारी एक बाई. ती रेणापूरची, नवरा गेल्यावर त्याचाच ऑटो चालवायला लागलेली. भावाच्या जीपनं गेलो. जीप भावानंच चालवली. माझ्याशी बोलत नव्हता, पण गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नव्हता. रस्ताभर चाचा त्याच्याशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिले.

कचेरी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. तो फोनवरचा तरुण साहेब तिथं भेटला. फोनवर वाटायचा त्यापेक्षा थकलेला दिसत होता. आम्हाला कागदी कपात चहा दिला. मी माझं म्हणणं मांडलं. त्यानं सगळं ऐकलं आणि मग भिंतीवरच्या जिल्ह्यांच्या नकाशाकडं बोट करून बोलायला लागला. आमची समजूत घालायला बोलतोय असं वाटलं नाही. कुणालातरी एकदा सांगून टाकायचं होतं असं वाटलं.

"हा सगळा भाग आम्हाला मिळाला तेव्हा अट घातलेली. इतक्या वर्षांत इतके पंप उघडा, इतकी घरं जोडा. नाही केलं तर दंड. म्हणून पंप उघडतो. पाइप यायला उशीर झाला, रस्त्याची परवानगी, रेल्वेची परवानगी, जंगलाची परवानगी. मग ट्रकनं गॅस आणा. ट्रकनं आणलेला गॅस महाग पडतो. सरकारकडून स्वस्तातला गॅस मिळायचा तो कमी झाला, बाकीचा बाहेरून महागात घ्यायचा. भाव वाढवला तर हे," चाचांकडं बोट करून म्हणाला, "हे पेट्रोलवर परत जाणार. नाही वाढवला तर आम्ही तोट्यात. साठवायला जागा म्हणाल तर तुमची ती बँक, तेवढीच. एक दिवस ट्रक नाही आला की संपलं. माझ्याकडे गॅस असतो तेव्हा गाडी नसते, गाडी असते तेव्हा ड्रायव्हर नसतो. आता टाक्या पण नाहीत."

मग ती रेणापूरची बाई म्हणाली, "साहेब, तुमचं समदं बरोबर हाय. पर माझ्या ऑटोत सकाळी लेकरं असत्यात. त्यास्नी मी काय सांगू, जंगलाची परवानगी न्हाई?"

साहेबानं डोळे चोळले.

चाचा म्हणाले, "पूरा दिन नक्को. सकाळचा टाइम द्या. शाळा भरेपर्यंत. मग घेऊन जा तुमचा ट्रक उदगीरला."

"सकाळी रांग लागेल दोनशे गाड्यांची. भांडणं होतील. ट्रक उभा असताना त्याच्याजवळ गर्दी चालत नाही."

"लाइन मी बघतो. शाळेचे ऑटो पहिले, दवाखान्यावाले दुसरे, बाकी नंतर. ट्रकजवळ कोणी आला तर त्याला मी बघतो."

साहेबानं आत जाऊन त्याच्या वरच्याशी बोलणं केलं, सुरक्षेचं काम बघणाऱ्या माणसाला बोलावलं. त्या माणसानं मला बरेच प्रश्न विचारले, व्हॉल्व कुठले बंद ठेवणार, पिंजऱ्यातला उरलेला गॅस कसा काढणार. मी उत्तरं दिली. त्यानं दोन गोष्टी वाढवल्या, त्या मला सुचल्या नव्हत्या. शेवटी सकाळपुरता ट्रक देतो असं ठरलं आणि त्यांनी ते लिहून दिलं. परत येताना भाऊ औशाजवळ एका धाब्यावर थांबला आणि सगळ्यांना जेवू घातलं. मला विचारलं, "भात घेणार का, आक्का?" पंप बंद केल्यापासून माझ्याशी बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य.

पुढचे दिवस दगदगीचे गेले. ट्रक उजाडताना यायचा. चाचा चुन्यानं रेघ आखून तिच्यापाशी उभे राहायचे, तोंडात शिट्टी. रेघेच्या आत एका वेळी एकच गाडी. ऑटोवाले त्यांच्यावर चिडायचे, त्यांच्या स्वतःच्या भाच्याला त्यांनी एकदा रांगेतून मागं पाठवलं. ट्रक निघून गेला की पंप बंद. दुपारी आलेल्या गाड्या शिव्या देऊन परत जायच्या. विक्री फार खाली आली. भावानं दोन माणसांना सुट्टी दिली, त्यातला एक पुण्याला गेला तो परत आलाच नाही. तो गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. चांगला माणूस होता, यंत्राचा आवाज बदलला की लगेच हाक मारायचा.

एकदा वीज गेली. कॉम्प्रेसर थांबला. ट्रकमध्ये गॅस असूनही निम्म्या रांगेला मिळाला नाही आणि ठरलेली वेळ झाली तसा ड्रायव्हर ट्रक काढायला लागला. ऑटोवाले ट्रकपुढं उभे राहिले. चाचांनी त्यांना बाजूला केलं. त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या ऑटोतही गॅस पडला नव्हता. ट्रक गेला. चाचा शिट्टी खिशात टाकून पायीच निघाले. मी हाक मारली, त्यांनी मागं न बघता हात हलवला.

क्रेन येऊन पिंजरा घेऊन गेली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि परत आला तो पावसाळा लागता लागता. प्रत्येक टाकीवर नवी तारीख ठोकलेली. सोबत तपासणीचा कागद होता. सगळ्या टाक्या पास. एकही नापास नाही.

भावानं कागद वाचला, घडी घालून मला परत दिला. "बघ," म्हणाला. एवढंच. त्यात टोमणा होता का, मला सांगता येत नाही. निलंगा रोडचा पंप त्या सगळ्या काळात चालूच होता आणि तिथंही काही झालं नाही. आमची कितीतरी गिऱ्हाइकं तिकडं गेली ती तिकडंच राहिली. लोक म्हणाले, बाई उगंच घाबरली. टाक्या चांगल्या निघाल्या याचा मला आनंद झाला होता, तो खरा होता, आणि त्याबरोबर मनात कुठंतरी खट्टूही झाले होते, तेही खरं. आपण बरोबर होतो असं कोणी म्हणावं असं वाटत होतं. तसं म्हणायला कारण नव्हतं. तपासलं नसतं तर चांगल्या आहेत हेही कळलं नसतं, असं मी भावजयीला म्हटलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "व्हय, पर हे लोकांना कसं दिसावं?"

पंप पूर्ववत सुरू झाला. चाचा मात्र येईनासे झाले. मी त्यांच्या स्टँडवरच्या ऑटोवाल्यांना विचारलं तर म्हणाले, चाचांनी गाडी बदलली.

दिवाळीच्या खरेदीला गंजगोलाईत गेले होते तेव्हा ते दिसले. बॅटरीवर चालणारा नवा ऑटो, आवाज नसलेला, पुढच्या काचेवर मुलीच्या नावाचं स्टिकर. मला बघून उतरले.

"म्याडम! बैठो."

"कुठं चाललात?"

"जिथं तुम्ही म्हणाल."

मी बसले. बसस्टँडकडं जायचं होतं. बाजारातून गाडी हळूहळू निघाली. मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का, चाचा?"

"न्हाई म्याडम. तुमच्यावर कायकू? उलट पोरगी म्हणती, म्याडमनी बरोबर केलं. ती औषधाच्या बाटलीवरची तारीख बघती ना दिवसभर." आरशात माझ्याकडं बघून ते हसले. "पर लाइनीत उभा राहून राहून वय झालं माझं. आजोबाचा घोडा दाणा खायचा, तवाबी दाणा मिळत नव्हता कधी कधी. बापानं स्वतःच्या पायानं चालवली. गॅस आला, वाटलं आता सुटलो. आता ही."

"ही बरी आहे?"

"बरी हाय. घरी चार्जिंग लावतो. लाइट गेली की मंग बसून राहतो." सिग्नलला थांबून त्यांनी एका ओळखीच्या माणसाला हात केला. "आन लांब जात न्हाई. रेणापूरला जाऊन येती. उदगीरचं भाडं आलं तर न्हाई म्हणावं लागतं."

बसस्टँडला त्यांनी गाडी आतपर्यंत घेतली. माझ्या पिशव्या उतरवून दिल्या. तेवढ्यात चाकूरला जाणारं एक कुटुंब, आजी, सून आणि दोन लेकरं, त्यांच्याकडं आलं. चाचांनी बॅटरीच्या काट्याकडं बघितलं, नाही म्हणून मान हलवली आणि समोरच्या रांगेतल्या गॅसवाल्या ऑटोला हाक मारून त्यांना तिकडं बसवून दिलं.